स्पर्शाचा धर्म

इसबाने अंग भरलेल्या बालकाच्या आईबापांना दोन दुःखे सोसावी लागतात. रात्री खाजवणारे चिमुकले हात धरून जागणे, हे एक. दिवसा लोकांची मागे सरणारी पावले पाहणे, हे दुसरे. पहिले रोगाने दिलेले आहे; दुसरे आपण दिलेले आहे.

इसब शिवल्याने लागत नाही. अशा बालकाची त्वचा मुळातच दुबळी असून तिच्यात ओलावा टिकत नाही. यामागील एक आनुवंशिक कारण २००६ साली उजेडात आले. मंचेरियलच्या उन्हाळ्यात घामाने ही आग अधिकच भडकते. तेव्हा आईच्या माथी दोष मारणे निष्ठुर तर आहेच, शिवाय असत्यही आहे.

आपल्या गावाजवळून वाहणारी गोदावरी पैठणावरून येते. तेथील तापलेल्या वाळवंटात रडणारे, अस्पृश्य मानलेल्या घरचे मूल एकनाथांनी कडेवर घेऊन घरी पोचविले, अशी कथा संतचरित्रांत आहे. नाथांनी प्रथम उपदेश केला नाही. प्रथम मूल उचलले.

औषध वैद्याने सांगावे. आपण त्या बालकास पंगतीत शेजारी बसवावे, आपली मुले त्याच्याशी खेळू द्यावीत आणि त्याच्या जागरणाने थकलेल्या आईस दोन घटका निजू द्यावे. एवढ्यानेही त्या घराचे अर्धे दुःख हलके होईल.