उतरता बाजार कोणाचा?

आठवडे बाजाराला उशिरा जावं, तेव्हा भाव उतरलेले असतात, हे शहाणपण आपल्याकडे आईकडून लेकीला आणि शेजारणीकडून शेजारणीला मिळत आलं आहे. बाजार उठायच्या वेळी वीसची मेथीची जुडी दहाला मिळते, टोमॅटोचा वाटा मागू त्या भावाला पदरात पडतो. काटकसर हा संसाराचा गुणच आहे, त्यात गैर काही नाही. पण आता सोसायटीच्या कोपऱ्यावर, महापालिकेच्या मोकळ्या मैदानात शेतकरी स्वतः माल घेऊन बसू लागला आहे. त्याच्यासमोर उभं राहून हे शहाणपण एकदा तपासून पाहायला हवं.

महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त झाला. राज्याच्या पणन मंडळाने शहरांमधल्या शेतकरी आठवडे बाजारांना बळ दिलं आणि त्या उपक्रमाला संत शिरोमणी सावता माळी यांचं नाव दिलं. अरणच्या मळ्यात राबतानाच ज्यांना विठ्ठल दिसला, त्यांचं नाव या बाजाराला शोभतं. हेतू साधा होता. पिकवणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळावेत आणि खाणाऱ्याला ताजं मिळावं. याची निकड किती आहे, ते रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासलेखातून कळतं. ग्राहक मोजतो त्या रुपयातले सुमारे ३३ पैसे टोमॅटो पिकवणाऱ्याच्या हाती पडतात, कांदा पिकवणाऱ्याच्या ३६ आणि बटाटा पिकवणाऱ्याच्या ३७.

मधले हात कमी झाले, तरी त्यांचं काम संपत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर येतंच. मार्केट यार्डात माल गेला की सकाळीच त्याचा सौदा होतो, हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात येते. भाव मातीमोल मिळाला तर शेतकरी खचतो, पण माल बहुतेक वेळा विकला गेलेला असतो. उरलेली मेथी कोणी खपवायची, नासलेल्या टोमॅटोचा तोटा कोणी सोसायचा, ही चिंता पुढच्या व्यापाऱ्याची.

आठवडे बाजारात ती चिंता शेतकऱ्याचीच होते. आदल्या दिवशी ऊन कललं की काढणी, मग निवड, जुड्या बांधणं, क्रेट भरणं, आणि पहाटे गटातल्या चार-पाच जणांनी मिळून ठरवलेला टेम्पो. माल खपो न खपो, टेम्पोचं भाडं चुकत नाही. मैदानात शीतगृह नसतं. दुपारनंतर पालक मान टाकतो, कोथिंबीर कोमेजते. परत न्यावी तर गावी पोचेपर्यंत ती भाजी गुरांपुढेच टाकावी लागते. म्हणून संध्याकाळी शेतकरी जो आकडा सांगतो, त्यात मालाची किंमत थोडी आणि त्याची अडचण जास्त असते.

आता गिऱ्हाइकाकडे पाहू. ज्याला सकाळी येता आलं असतं, ज्याच्या खिशाला सकाळचा भाव जड नव्हता, तो केवळ ही अडचण गाठण्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबतो आणि उतरलेल्या भावातही आणखी घासाघीस करतो, तेव्हा तो काटकसर करत नाही. दुसऱ्याच्या नाइलाजावर तो आपली बचत उभी करतो. शेतकऱ्याचे हात आडत्याकडून सोडवून आपण ते आपल्याच मुठीत धरणार असू, तर मधला माणूस गेला आणि त्याची जागा आपण घेतली, एवढंच होईल.

तरीही उतरता बाजार वाईट नाही. त्या वेळेलाच घरकाम आटोपून बाई येते, बांधकामावरून मजूर येतो, दिवसाची कमाई हातात पडल्यावर रिक्षावाला येतो. सकाळच्या भावात त्यांच्या पोरांच्या ताटात पालेभाजी पडत नाही, संध्याकाळच्या भावात पडते. शेतकऱ्यालाही माल फेकण्यापेक्षा चार पैसे बरे वाटतात, आणि भुकेल्याच्या पोटी गेल्याचं समाधान त्याला असतंच. दोन अडलेली माणसं तिथे एकमेकांना सावरतात. अशा वेळी पगारदार माणूस पिशवी घेऊन पुढे घुसतो, तेव्हा तो शेतकऱ्याच्या कष्टाला हात घालतोच, शिवाय मागे उभ्या असलेल्या बाईच्या वाट्याची जुडीही उचलतो.

नीती दोन्ही बाजूंनी पाळायची असते. यार्डातून उचललेला माल स्वतःच्या शेतातला म्हणून विकू नये, काटा खरा असावा, वरची फळं मोठी आणि खालची किडकी असा क्रेट भरू नये. गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा उडाला की त्याची झळ प्रामाणिक शेतकऱ्यालाही बसते.

आपल्या हातात असलेल्या गोष्टी मात्र अगदी साध्या आहेत. बेत ठरवून यादीपुरतं घेण्याऐवजी आज काय जास्त आलंय ते विचारावं आणि घरी तेच शिजवावं. कोथिंबीर-कढीपत्ता फुकट मागू नये. पाऊस असला तरी बाजार चुकवू नये, कारण माल आधीच तोडलेला असतो. ज्या सोसायटीच्या दारात बाजार भरतो, तिने उरलेला माल ठरलेल्या वाजवी दराने जवळच्या वसतिगृहाला किंवा खाणावळीला जाईल अशी सोय लावून द्यावी. फार पैसा त्याला लागत नाही, दोन-चार जणांनी मनावर घ्यावं लागतं.

येत्या आठवड्यात बाजार भरेल, तेव्हा ज्याला परवडतं त्याने सकाळी जावं आणि वाजवी भाव पूर्ण द्यावा. संध्याकाळचा बाजार ज्यांना दुसरी वेळ नाही आणि दुसरा भाव झेपत नाही, त्यांचा आहे. तो त्यांच्यासाठी सोडा.