पाइप कुणाच्या मापाचा

यवतमाळात कृषी केंद्र चालवणाऱ्या एका तरुणाच्या वाट्याला त्याच्या मामाची गाडी आली. प्रीमियर ११८ एनई. दारव्ह्याला घरामागच्या टिनाच्या शेडखाली ती कित्येक वर्षं उभी होती. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं, चारही टायर बसलेले. मामाला मूलबाळ नव्हतं. आजी म्हणाली, "भंगारात नोको देऊ बापा. चालव."

त्यानं ती उभी केली. इंजिन उघडलं, ब्रेक नवे केले, आरटीओत फेरनोंदणी करून घेतली. आणि मग त्याला कळलं की आपल्या हाती काय लागलंय. ११८ एनई १९८५ साली आली. अंगानं ती इटलीची फियाट १२४ आणि पोटात निसानचं ए-१२ इंजिन, ११७१ सीसीचं. हेच इंजिन १९७०च्या डॅटसन १२०० मध्ये होतं आणि त्या लहानशा गाडीनं जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत रेसच्या मैदानात नाव कमावलं. म्हणून त्या इंजिनाचे हेडर, म्हणजे धूर बाहेर नेणारे पाइप, परदेशात आजही बनतात. आपल्याकडे जी गाडी लोकांनी लग्नकार्याला आणि बाजाराला वापरली, तिच्या आत रेसचं काळीज होतं, ही गोष्ट मला तरी फार मोलाची वाटते. त्या पोराला वेड लागलं यात नवल नाही.

त्याला हेडर हवा होता. कंपनीचा मॅनिफोल्ड बिडाचा असतो. चारही सिलिंडरचा धूर एकाच आखूड पोकळीत ओततो, त्यामुळे एकाचा फेकलेला धूर दुसऱ्याच्या वाटेत येतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पाइप मिळतो. त्यानं मोबाइलवर अशा गाड्यांचे आवाज ऐकले होते. त्याला पाहिजे होता तो चारांचा थेट एक होणारा, पावणेदोन इंची, स्टेनलेस स्टीलचा. थेट रेसचा.

आर्णी रोडवरच्या एका जुन्या मिस्त्रींकडे तो फोटो घेऊन गेला. मिस्त्रींनी फोटो पाहिलाच नाही.

"गाडी कुठी चालवतं?"

"इथंच काका. यवतमाळ-दारव्हा. कधी दिग्रस, पुसद."

"चौथ्या गिअरात किती आरपीएम राह्यते?"

पोराला सांगता येईना. मिस्त्रींनी कपाटातून एक जुना आरपीएम मीटर काढला, डॅशबोर्डखाली तारेनं बांधून दिला आणि म्हणाले, "आठ दिवस पाह्य. वहीत लिही. मंग पाइपाचं बोलू."

आठ दिवस थांबणं हीच तर अडचण असते. चौथ्या दिवशी त्याला फोन आला की तसाच हेडर एका माणसाकडे पडून आहे, दोन दिवसांत दुसरा नेईल. त्यानं पैसे पाठवले. हेडर आला तेव्हा कळलं की इंजिन निसानचं असलं तरी बॉडी फियाटची आहे. डॅटसनच्या पोटाला वाकवलेला पाइप इथं खालच्या क्रॉस मेंबरला घासत होता. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं इंजिनाच्या माउंटिंगखाली वायसर घालून तो कसाबसा बसवला. मागचा सायलेन्सरही काढून सरळ नळी लावली. गाडी चालू झाली तेव्हा चौकातली माणसं वळून बघायला लागली. पोराला तेवढं पुरलं.

एप्रिलच्या शेवटी पुसदला लग्न होतं. आजी पुढच्या सीटवर बसली. यवतमाळचं ऊन ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना एप्रिलची दुपार सांगायला नको. दारव्हा झालं, दिग्रस झालं. पुढे डोंगर सुरू झाले आणि सरकीचा ट्रक समोर आला. चढावर गाडी तिसऱ्यात ओढेना. दुसऱ्यात टाकली की बोंबलायची, पण पुढे सरकायची नाही. पेडल दाबलं की इंजिन क्षणभर गुदमरायचं. हीच गाडी मामाच्या हातात हा चढ तिसऱ्या गिअरात घेत असे. मग ती मिस व्हायला लागली, दोन आचके दिले आणि बंद पडली.

पेट्रोल होतं, करंट होता. पण इंजिनाच्या पंपाजवळच्या नळीतच पेट्रोल उकळून त्याची वाफ झाली होती. ए-१२ मध्ये कार्ब्युरेटर आणि एग्झॉस्ट एकाच बाजूला, एकावर एक असतात. बिडाचा जाड मॅनिफोल्ड काढून पातळ पत्र्याचे पाइप बसवले की त्यांची धग सरळ वर येते. जुन्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना हे दुखणं पाठ आहे. त्यानं पाण्याच्या बाटलीनं रुमाल भिजवून पंपावर गुंडाळला आणि दोघं कडुलिंबाच्या सावलीत जाऊन बसली.

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुह्या मामाची गाडी इतकी बोंबलत नोती रे. पन चढत होती."

परत आल्यावर तो वही घेऊन मिस्त्रींकडे गेला. वहीत चारच दिवसांच्या नोंदी होत्या, पण त्या पुरेशा बोलत होत्या. दोन हजार, अडीच हजार, उताराला तीन, एकदाच चार हजाराच्या वर. मिस्त्रींनी वही वाचली, गाडीखाली वाकून पाइप पाहिला आणि रागावलेही नाहीत. त्यांनी पोराला स्टुलावर बसवलं आणि बोलू लागले ते शकुंतला रेल्वेबद्दल.

त्यांचे वडील मूर्तिजापूरच्या शेडमध्ये फिटर होते. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला जाणारी ती अडीच फुटी रुळांवरची गाडी किती तरी दशकं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेल्या इंजिनानं ओढली. १५ एप्रिल १९९४ ला ते इंजिन थांबलं आणि डिझेल आलं. मिस्त्री लहानपणी वडिलांचा डबा घेऊन शेडमध्ये जात. तिथं त्यांनी इंजिनाच्या तोंडाचं दार उघडलेलं पाहिलं होतं. धुराड्याच्या बरोबर खाली एक तोटी. सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ त्या तोटीतून वर सुटते आणि जाताना भट्टीतला धूर ओढून नेते. धूर गेला की भट्टीत हवा शिरते, कोळसा पेटतो. म्हणजे टाकाऊ वाफच पुढची वाफ तयार करवते.

"आता ते तोटी मोठी केली तं?" मिस्त्रींनी विचारलं.

"वाफ मोकळी जाईल."

"जाईन ना. पन जोर राह्यनार नाही, धूर ओढल्या जानार नाही. आग बसन. आनि लय बारीक केली तं आग भडकन, पन सिलिंडर गुदमरन. बाप म्हने, तोटीचं माप गाडीच्या वजनावर अन् चढावर ठरते, फोरमनच्या मनावर नाही."

पेट्रोल इंजिनात हेच नाजूकपणे घडतं. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची एक लाट पाइपात सुटते. पाइप जिथे दुसऱ्याला मिळतो तिथे पोचून ती ओढ बनून उलटी येते. तो व्हॉल्व्ह मिटत असताना आणि इनलेट उघडत असताना ती ओढ येऊन पोचली, तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. लवकर पोचली किंवा उशिरा, तर उपयोग नाही. कधी पोचायचं ते पाइपाची लांबी ठरवते. हळू फिरणाऱ्या इंजिनाला लांब वाट लागते, वेगानं फिरणाऱ्याला आखूड. आणि पाइपाचा बोअर रुंद असला की कमी आरपीएमला धुराचा वेगच पडतो. पोराचा पाइप सहा-साडेसहा हजारांसाठी वाकवलेला होता. त्याची गाडी जगत होती अडीच हजारांत.

"पाइप वाईट नाही," मिस्त्री म्हणाले. "तुह्या रस्त्याचा नाही."

मग त्यांनी नवा हेडर स्वतः करायला घेतला. हे काम मी तपशिलानं सांगतो, कारण असं काम करणारे हात आता जिल्ह्यात थोडेच उरलेत. मापं जुन्या बिडाच्या मॅनिफोल्डवरून घेतली. फ्लँजसाठी जाड पट्टी कापली आणि तिच्या भोकांची कड गॅस्केट ठेवून, शिसपेन्सिलनं आखून, कानशीनं घासली. पाइपाचं तोंड पोर्टपेक्षा केसभर मोठं चालतं, लहान अजिबात नाही. आत कड राहिली की धूर तिथेच आपटतो. सव्वा इंची पाइपात त्यांनी सुकी, चाळलेली रेती ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुल्ल्या ठोकल्या आणि गॅसवर लाल करून वाकवलं. रेती नसेल तर वाकताना पाइप आतल्या बाजूला चुरगळतो आणि नेमकी वळणावर वाट अरुंद होते. इंजिनाचा फायरिंग क्रम १-३-४-२. म्हणून पहिला-चौथा एकत्र, दुसरा-तिसरा एकत्र. त्या जोड्यांमध्ये क्रँकचा पूर्ण एक फेरा जातो, एकमेकांची अडचण होत नाही. पुढे त्या दोघांचा एक. चारांचे दोन, दोनाचा एक. दोन्ही टप्पे मिळून वाट लांब होते आणि खालच्या आरपीएमला दम मिळतो.

टाके त्यांनी इंजिनावर पाइप बसवूनच मारले. पूर्ण वेल्डिंग करताना फ्लँज एका जाड लोखंडी पाट्याला बोल्टनं कसून ठेवली, नाहीतर उष्णतेनं ती धनुष्यासारखी वाकते आणि गॅस्केट महिनाभर टिकत नाही. कार्ब्युरेटर आणि हेडरच्या मध्ये एक पत्रा आडवा लावला, पेट्रोलची नळी लांबून फिरवली. आणि सायलेन्सर परत बसवला.

"सायलेन्सर कशाला, काका?" पोरानं विचारलं, पण आवाजात आधीचा हट्ट नव्हता.

"कायदा हाये म्हनून. आनि तुही आजी बसते म्हनून."

नागपूर-पुण्यात पोलिसांनी असे मोकळे सायलेन्सर ढीग रचून रोडरोलरखाली घातलेले सगळ्यांनी पाहिलेत. मिस्त्रींना मात्र आजीचं कारण मोठं वाटत होतं, आणि मलाही तेच पटतं.

गाडी चालवून आणल्यावर त्यांनी प्लग काढून दाखवला. टोक पांढरं पडलं होतं. इंजिन मोकळा श्वास घ्यायला लागलं, पण पेट्रोल जुन्याच हिशोबानं मिळत होतं. मेन जेट एका नंबरानं वाढवला, पुन्हा फिरवून आणली, आणि प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला. बिडाचा मॅनिफोल्ड त्यांनी तेलाच्या फडक्यात गुंडाळून पोराच्या हातात दिला. "हा इकू नोको. आता नवा कोठी भेटनार?"

जूनमध्ये पेरणीआधी आजीला पुन्हा पुसदला जायचं होतं. चढावर समोर पुन्हा एक भरलेला ट्रक होता. पोरानं तिसऱ्यातच ठेवली. आजी अख्ख्या रस्त्यात बियाण्याच्या भावाबद्दल बोलत होती आणि तिला आवाज वाढवावा लागला नाही.

तो स्टेनलेसचा हेडर त्यानं विकायला काढला. कोइमतूरच्या एका माणसानं घेतला. तो जुन्या इंजिनांच्या गाड्या तिथल्या कारी स्पीडवेवर पळवतो, आणि त्याच्या गाडीतही ए-१२ होतं. महिन्याभरानं त्याचा फोन आला. पाच हजारांच्या खाली इंजिन येतच नाही, वळणातून बाहेर पडताना गाडी हातातून निसटू पाहते, असा पाइप मला आजवर मिळाला नव्हता, असं तो हिंदी-इंग्रजीत सांगत होता. त्याच्या आवाजातला आनंद फोनमधून मिस्त्रींच्या शेडभर ऐकू येत होता.

मिस्त्री कुणाच्या तरी गाडीखाली आडवे होते. तिथूनच ओरडले, "त्याले इचार, मेन जेट किती नंबरचा लागला! आनि सायलेन्सरपर्यंतची लांबी मोजून सांग म्हना!"