पदरमोड करणारी माणसे

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर तो खेळला जातो, हे फोर्टमध्ये नोकरीला जाणाऱ्या आमच्या काही वाचकांनी जाता-येता पाहिले असेल. इतरांच्या डोळ्यांसमोर अंडाकृती चेंडू आणि चिखलाने माखलेले धिप्पाड गडी एवढेच चित्र येईल. परंतु आम्हांस आज लिहावयाचे आहे ते खेळणाऱ्यांविषयी नव्हे. इंग्लंडमधील रग्बी संघांच्या पाठीशी समर्थकांची मंडळे असतात. ती विनावेतन चालविणाऱ्या स्त्रीपुरुषांविषयी आणि त्यांच्या निमित्ताने उभ्या राहणाऱ्या एका प्रश्नाविषयी आम्ही लिहीत आहोत. जो माणूस दुसऱ्याच्या मालकीच्या वस्तूसाठी प्रेमापोटी फुकट राबतो, त्याचा त्या वस्तूवर काही हक्क उत्पन्न होतो काय?

या मंडळांचे काम दुरून पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वर्गणी गोळा करणारा एक, प्रवासाची व्यवस्था पाहणारा एक. सारे वार्षिक सभेत निवडलेले. बहुधा दुसरे कोणी उभे राहत नाही, म्हणून पुन्हा तेच निवडले जातात, हे सांगावयास नकोच. संघाचा सामना परगावी असला की बस ठरवावयाची, जागांची यादी करावयाची, पैसे जमवावयाचे. बसवाल्याला आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि जागा भरतील की नाही हे तोवर ठाऊक नसते. ती धाकधूक खजिनदाराच्या वाट्याला येते. कधी पदरमोडही होते. मग पहाटे थंडीत उभे राहून यादीवर खुणा करावयाच्या आणि कोणी एक वृद्ध गृहस्थ आला नाही तर त्याच्या घरी फोन करावयाचा. हंगामाच्या शेवटी आवडत्या खेळाडूसाठी मते गोळा करणे, कोणी जायबंदी झाला तर निधी जमविणे, हेही त्यांच्याकडेच. स्वतः सामना निवांत पाहणे पुष्कळदा राहून जाते.

हे सारे कोणासाठी? ऑगस्ट 1995 मध्ये पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने हा खेळ व्यावसायिकांना खुला केला. तेव्हापासून खेळाडूला पगार आहे, प्रशिक्षकाला पगार आहे, आणि मोठे संघ बहुधा कोणा धनिकाच्या कंपनीच्या मालकीचे आहेत. अशा व्यवहारात एकट्या स्वयंसेवकानेच फुकट का राबावे? शहाणी माणसे याला भाबडेपणा म्हणतील.

या शहाणपणाला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. विनामूल्य सेवा नेहमीच पवित्र असते असे नाही. गेल्या शतकाच्याही आधी, उत्तर इंग्लंडमधील गिरण्यांत आणि खाणींत राबणारे मजूर रग्बी खेळत. शनिवारी सामन्याला जावयाचे तर त्या वेळेची मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढेच उत्तरेकडील क्लबांचे मागणे होते. 1893 साली रग्बी युनियनच्या सभेने ते फेटाळले. खेळ प्रेमासाठी खेळावा, पैशासाठी नव्हे, असे सांगणारांमध्ये शनिवारची मजुरी बुडण्याची ज्यांना कधी चिंता नव्हती असे पुष्कळ होते. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडील क्लब एकत्र आले आणि वेगळे झाले. त्या फुटीतून रग्बी लीग हा निराळा खेळच जन्मास आला. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी माणसाला निःस्वार्थपणा शिकवावा, याइतकी सोपी गोष्ट जगात दुसरी नाही. म्हणून ‘फुकट’ या शब्दाने आम्ही चटकन भारावून जात नाही.

तरीही भाबडेपणाचा आरोप आम्हांस पटत नाही. संत थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलच्या आधाराने सांगतो की, जे परतफेडीच्या अपेक्षेने दिलेले नसते तेच खरे दान. पण दान कोणाला दिले, हेही पाहावे लागते. बसची यादी करणारी बाई कंपनीला काही देत नाही. ती देते त्या वृद्ध गृहस्थाला, ज्याची पत्नी वारल्यापासून शनिवार हाच घराबाहेर पडण्याचा दिवस उरला आहे. रग्बीच्या सामन्यात दोन्ही पक्षांचे समर्थक शेजारी शेजारी बसतात. त्यांना वेगळे कोंडावे लागत नाही. ही सवय वर्षानुवर्षे माणसांनीच माणसांना लावली आहे. संघ हे निमित्त आहे. मालकाच्या जमाखर्चात या गोष्टीचा कोठे उल्लेखही नसतो.

परंतु निमित्तच नाहीसे झाले तर? ही नुसती कल्पना नव्हे. वूस्टर येथील क्लब 1871 सालचा. 24 सप्टेंबर 2022 रोजी त्याच्या सिक्सवेज मैदानावर वूस्टर वॉरियर्सने न्यूकॅसलचा 39-5 असा पराभव केला. त्या दिवशी अनेक कर्मचाऱ्यांना पूर्ण पगार मिळालेला नव्हता, तरी ते कामावर उभे होते आणि स्वयंसेवक त्यांच्या जोडीला होते. दोन दिवसांनी संघ स्पर्धेतून निलंबित झाला आणि कंपनी प्रशासकांच्या ताब्यात गेली. पुढच्याच महिन्यात 1867 साली स्थापन झालेला वास्प्स हा संघ त्याच वाटेने गेला, आणि जून 2023 मध्ये लंडन आयरिश.

येथे प्रश्न बोचरा होतो. जी कंपनी पगार देऊ शकत नाही, तिचा सामना पार पाडण्यासाठी राबणे म्हणजे अन्यायाला मुदतवाढ देणे नव्हे काय? आम्हांस वाटते, ज्याला सत्य परिस्थिती ठाऊक आहे त्याला हा प्रश्न विचारता येईल. ज्याच्यापासून हिशेब दूर ठेवलेले असतात त्याला नाही. बस ठरविणाऱ्याला कर्जाचा आकडा कोणी सांगत नाही. म्हणून दोष शोधावयाचा तर तो राबणाऱ्याच्या दारात शोधू नये.

याच खेळाच्या इतिहासात क्लब बंद करण्याचे एक निराळे उदाहरण आहे, आणि ते आपल्या देशातले आहे. कलकत्त्यात इंग्रजांनी 1873 साली स्थापन केलेला रग्बी क्लब काही वर्षांतच ओस पडला. सभासदांनी बँकेतील शिल्लक काढली, चांदीचे 270 रुपये वितळवले आणि त्यांचा एक चषक घडवून 1878 साली इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या चषकासाठी इंग्लंड व स्कॉटलंड आजही खेळतात. क्लब त्यांचा होता, पैसे त्यांचे होते, तेव्हा शेवट कसा करावा हेही त्यांनीच ठरविले. वूस्टरच्या समर्थकांना तसे काही ठरविता आले नाही.

मग समर्थकाला मालकी द्यावी काय? आम्ही इतके पुढे जाणार नाही. दिलेल्या दानाच्या बदल्यात मालकी मागितली की ते दान राहत नाही. शिवाय उपकार करणारा उपकृतापेक्षा अधिक प्रेम करतो, जसे कारागिराचे आपल्या कामावर असते, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहे. त्याच प्रेमातून ‘हे सारे माझ्यामुळे चालते’ ही भावना फोफावते आणि खजिनदाराच्या खुर्चीला माणूस वीस वर्षे चिकटून राहतो. पण मालकी नसली तरी सत्य जाणण्याचा हक्क उरतोच. ज्याच्या प्रेमाचा उपयोग तुम्ही करून घेता, त्याच्यापासून घराची भिंत कलली आहे हे लपविता येत नाही. फुटबॉलपुरते इंग्लंडने हे ओळखले आहे: 2025 साली झालेल्या कायद्याने वरच्या पाच श्रेणींतील पुरुष संघांवर नियामक नेमला आणि महत्त्वाच्या बाबींत समर्थकांचे मत घेणे संघांवर बंधनकारक केले. रग्बी त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

वूस्टरचा संघ तीन हंगामांच्या खंडानंतर 2025-26 मध्ये दुसऱ्या श्रेणीत पुन्हा मैदानात उतरला. मधल्या काळात ज्यांचे शनिवार मोकळे झाले आणि ज्यांना ते मोकळेच बरे वाटू लागले, त्यांना कोणी निष्ठाहीन म्हणू नये. जे परत राबावयास आले असतील, त्यांना आम्ही एवढेच सुचवू की पहिल्या बसचे आगाऊ पैसे भरण्यापूर्वी चिटणिसाने कंपनीकडे एक पत्र धाडावे आणि गेल्या वर्षाचा ताळेबंद मागवून घ्यावा.