किल्ला नेमका असतो कुठे?

छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीच्या गोळ्याचा दाखला देतो. एक गोळा कळला की मातीचं जे जे घडतं ते सगळं कळलं; आकार हे नुसतं नाव, खरी ती माती. दिवाळीच्या सुट्टीत दगड, गोणपाट आणि चिखल जमवून किल्ला रचणाऱ्या पोरांना हे पटणं अवघड आहे. माती त्यांच्या पायाखाली वर्षभर असतेच. बुरूज उभा राहतो तेव्हा कुठे काहीतरी नवं घडतं.

प्लास्टिकच्या विटांनी हा प्रश्न आणखी टोकदार केला. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९७८ मध्ये युरोपातल्या मध्ययुगीन किल्ल्याचा पिवळा संच बाजारात आणला. असा किल्ला सकाळी रचावा, दुपारी सुटा करावा आणि त्याच विटांचं जहाज करावं. एकही वीट हरवलेली नसते, मग किल्ला गेला कुठे? नागसेन भिक्षूने राजा मिलिंदाला रथाबद्दल नेमकं हेच विचारलं होतं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी नाही म्हणत अखेर राजाला मान्य करावं लागलं की सगळे भाग जुळले म्हणजे रथ हे नाव पडतं, एवढंच. उपनिषदांचं आणि बौद्धांचं पुष्कळ बाबतींत पटत नाही, पण रचनेला इथे दोघांनीही दुय्यम ठरवलं.

जव्हारची दंतकथा मात्र रचनेच्या बाजूने उभी राहते. इथल्या पहिल्या कोळी राजाने बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, म्हणतात. ती मिळाल्यावर त्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या आणि त्यांनी राज्याएवढा मुलूख वेढून घेतला. कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही हीच गोष्ट सांगतात. पुढे १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने या कोळी राजाच्या मुलाला, निमशहाला, राजा म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्याच्या ताब्यात २२ किल्ले होते अशी नोंद आहे. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला विचार पक्का आहे. कातडं वीतभरही वाढलं नाही. वाढली ती त्याची मांडणी, आणि तेवढ्यावर राज्य उभं राहिलं.

जव्हारजवळच्या झापच्या बाजूला भूपतगड आहे. तटाचे दगड ढासळलेत, दरवाजाचे अवशेष तेवढे उरलेत. तरी त्याला कुणी डोंगर म्हणत नाही, गडच म्हणतात. का, ते माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्यांपाशी समजतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगितलं आहे. पाणी नसेल आणि जागा सोडवत नसेल, तर खडक फोडून टाकी करावीत. जव्हार-मोखाड्यात या आज्ञेचं मोल पुस्तकातून शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात इथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो उतारावरून वाहून जातो, आणि उन्हाळ्यात पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट धरतात. ज्याने टाकं खोदलं त्याला दगड आणि पाणी यांचा संबंध कळला होता. गड त्या कळण्यात आहे, म्हणून तट पडूनही तो टिकला. उद्दालकाशी इथे अदबीने वाद घालावासा वाटतो: आकार हे नुसतं नाव असेल, पण आकारामागचं कारण नाव नव्हे.

हे मान्य केलं की छोटी प्रतिकृती खोटी ठरत नाही. मोखाड्याच्या बोहाड्यात तर हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून रात्रभर देवादिकांची सोंगं संबळाच्या तालावर नाचतात. देवी आणि महिषासुराचं युद्ध हा त्यातला मानाचा भाग. मुखवटा कुणी केला, कशाचा केला, हे गावाला ठाऊक असतं. म्हणून देवीपुढे हात जोडायचे कुणी थांबत नाही. नाचत्या सोंगात देवीचं येणं हे लाकडावर नव्हे, तर करणाऱ्यावर आणि पाहणाऱ्यावर अवलंबून आहे.

याच कारणासाठी दिवाळीत बाजारात मिळणारे प्लास्टरचे तयार किल्ले उणे वाटतात. ते दिसायला सुबक असतात, पण विकत घेणाऱ्या घरात त्यांच्याविषयी एकही प्रश्न विचारला गेलेला नसतो. प्लास्टिकच्या विटांवर तो आरोप सरसकट करता येत नाही. संचाच्या पुस्तिकेत कुठली वीट कुठे बसवायची ते असतं, पण महादरवाजा दोन बुरुजांच्या आड, वळणावर का लपवायचा, हे मुलाला स्वतः शोधावं लागतं. वळणावर हत्तीला धाव घ्यायला जागा उरत नाही, हे त्याला कळलं की विटा परक्या राहत नाहीत. जव्हारच्या एखाद्या शाळेने भूपतगडाची प्रतिकृती करायला घेतली, तर ती विटांची असो वा मातीची, आधी टाकी करावीत आणि तट मागाहून चढवावा. गडकऱ्यांनीही काम त्याच क्रमाने केलं असणार.