ठाऊक असणं आणि विचारणं

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे देवदिवाळीला, माणदेशातल्या म्हसवडात सिद्धनाथाचा रथ निघतो. तुळशीच्या लग्नाला सिद्धनाथ-जोगेश्वरीचं लग्न लागलेलं असतं, त्यानंतरची ही वरातच म्हणायची. गुलाल आणि खोबरं उधळलं जातं, 'नाथबाबाच्या नावानं चांगभलं' होतं, आणि संध्याकाळी माणसांचे केस, कान, नाकपुड्या सगळं गुलाबी झालेलं असतं. अशाच एका रात्री माझी भाची पुण्याहून आली होती. अंगण झाडून सतरंज्या टाकलेल्या, थोरल्या चुलतीनं भिंतीला पाठ टेकलेली, अंगावर घोंगडी. भाची मला तिच्या ऑफिसमधल्या एका जोडप्याबद्दल सांगत होती. त्यांचं लग्न 'ओपन' आहे. त्याला एक मैत्रीण आहे, हिला एक मित्र आहे, सगळं सगळ्यांना माहीत आहे आणि मान्य आहे.

चुलती झोपली असेल असं आम्हाला वाटत होतं. ती म्हणाली, "म्हंजी सवत का?"

भाची हसली. "नाही आज्जी. सवत लपवून आणतात. यांच्यात सगळ्यांना ठाऊक असतं."

"आमच्यात बी ठाऊकच असायचं की. समद्या गावाला असायचं." मग थोडं थांबून, "इचारायचं कोण? ठाऊक असनं अन् इचारनं येगळं."

त्यानंतर भाचीनं फोनवरून शब्दांची एक लांबलचक यादी मला वाचून दाखवली. स्विंगर, सॉफ्ट स्वॅप, फुल स्वॅप, पॉली, मेटामूर, युनिकॉर्न, कॉम्पर्शन, व्हेटो. मी ऐकत होते, पण माझ्या डोक्यात चुलतीनं एका दमात दाखवलेली दरी होती. या शब्दांच्या इतिहासात तीच दरी मला पुन्हा पुन्हा सापडत गेली.

आपल्याकडे दोनाच्या पलीकडच्या नात्यांना शब्द कमी नाहीत. उलट, ढीग आहे. सवत, अंगवस्त्र, नाटकशाळा, रखेल, ठेवलेली, बाहेरख्याली, पाटाची बायको. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं पाहा. मुलगी 'देतात'. बायको 'करतात'. तिला 'नांदवतात', 'ठेवतात', 'टाकतात', 'सोडतात'. बाई प्रत्येक ठिकाणी कर्म आहे. अंगवस्त्र तर धड माणूसही नाही, घराबाहेर पडताना खांद्यावर घ्यायचं कापड. 'नांदवणे' हे तर प्रयोजक क्रियापद: ती नांदत नाही, तिला कुणीतरी नांदवतं, आणि त्यानं नांदवायचं थांबवलं की ती 'टाकलेली' होते. 1980 च्या दशकात सांगली जिल्ह्यात, विटा-खानापूरच्या दुष्काळी पट्ट्यात, इंदुताई पाटणकरांसारख्या कार्यकर्त्यांनी या टाकलेल्या बायकांना संघटित केलं, तेव्हा त्यांच्यासाठी 'परित्यक्ता' हा शब्द रुळला. शब्द सभ्य झाला, व्याकरण तेच राहिलं.

बाई कर्ता होते ती मोजक्या ठिकाणी. 'निघून गेली', 'काडी मोडली', 'पाट लावला'. आणि माझा आवडता: 'दुसरा घरोबा केला'. हा वाक्प्रचार बाप्यालाही चालतो आणि बाईलाही. त्यात शरीर नाही, घर आहे, आणि ते करणारं माणूस आहे. बामणवाड्यात ज्या काळी विधवेचं केशवपन होत होतं, त्या काळी माणदेशातल्या कुणब्या-धनगरांत बाई काडीमोड घेऊन दुसऱ्याशी पाट लावत होती. पाटाला लग्नाचा मान नव्हता, तो रात्री उरकायचा, हे खरं. पण तिला ते करता येत होतं.

देवांकडे गेलं तरी तोच प्रश्न. साताऱ्यात पालीला पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं, हजारो माणसं भंडाऱ्यानं पिवळी होतात. पण त्याच देवाच्या जागरणात वाघ्या-मुरळी जी कथा रात्रभर रंगवतात ती बाणाईची. म्हाळसेबरोबर सारीपाट हरला म्हणून देव बारा वर्षांच्या बोलीवर घराबाहेर पडतो, चंदनपुरीला धनगराच्या घरी चाकरीला राहतो, मेंढ्या धुतो आणि बाणाईला घेऊन येतो. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. जेजुरीला बाणाईचं देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर आहे आणि म्हाळसा वर देवाशेजारी. दोन्ही जातींना देव आपला वाटावा म्हणून कथेनं त्याला दोन संसार दिले असं अभ्यासक म्हणतात, ते बरोबर असेल. मला मात्र त्यात म्हाळसेचा राग दिसतो. लोकगीतांनी तो दडपला नाही. सवतींचं भांडण भरपूर गायलं. म्हाळसेला सगळं ठाऊक होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

'संमती' हा शब्द मराठीच्या सार्वजनिक भांडणात उतरला तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला नकार दिला, 1884 मध्ये खटला उभा राहिला, आणि 1887 मध्ये न्यायालयानं त्यांना सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंगाला तयार होत्या. पुढच्या वर्षी पैसे देऊन प्रकरण मिटलं. 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, वय दहाचं बारा केलं गेलं, आणि टिळकांसारख्यांनी त्याला केवढा विरोध केला हे शाळेतही शिकवतात. त्या वादात संमती म्हणजे एक आकडा होता. बारा वर्षांनंतर बाईला विचारायचं की नाही, हा प्रश्न फारसा कुणी काढला नव्हता.

त्याहून विलक्षण गोष्ट दंडसंहितेत होती. मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यात व्यभिचार गुन्हा नव्हता. पुढे तो घातला गेला, कलम 497, पण शिक्षा फक्त पुरुषाला. बाईला सूट का? कारण इथली बाई लहानपणी लग्न करून दिलेली असते आणि नवऱ्याच्या अनेक बायकांत तिची उपेक्षा होते, तेव्हा तिला शिक्षा करणं अन्याय ठरेल, असा युक्तिवाद झाला होता. म्हणजे सवतींच्या देशात बाईला दया दाखवली. पण कलमाची खरी मेख पुढे होती. दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या 'पतीच्या संमतीशिवाय किंवा मूकसंमतीशिवाय' संबंध ठेवला तर गुन्हा. पतीची संमती असेल तर गुन्हाच नाही! बायकांची अदलाबदल, म्हणजे स्वॅपिंग, करणाऱ्या पुरुषांना कायद्यानं अशी पळवाट दीडशे वर्षं दिलेली होती, आणि त्यात बायकोची संमती कुणी मागितली नव्हती. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम राखलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड. 27 सप्टेंबर 2018 रोजी जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायाधीशांनी ते रद्द केलं. त्या पाचांत त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. असं काही कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं जुळवाजुळव म्हणून खोडलं असतं.

दुसऱ्या लग्नाचं म्हणाल तर मुंबई प्रांतानं 1946 मध्येच हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली. त्याला आव्हान दिलं गेलं, आणि 1951 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती छागला आणि साताऱ्यात जन्मलेले गजेंद्रगडकर यांनी कायदा कायम ठेवला. मग 1955 चा हिंदू विवाह कायदा आला. बंदी चांगलीच होती. पण तिची एक उलटी बाजू होती. 1965 मध्ये भाऊराव लोखंडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की दुसरं लग्न गांधर्व पद्धतीनं लागलं, त्यात आवश्यक विधी नव्हते, तेव्हा ते लग्नच नाही आणि द्विभार्या गुन्हाही नाही. पुरुष सुटला. ती बाई मात्र रातोरात बायकोची ठेवलेली झाली. जुन्या सवतीला निदान घरात एक कोपरा होता.

या सगळ्याच्या मधोमध एक माणूस वेगळं बोलत होता. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी 15 जुलै 1927 रोजी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मृत्यूपर्यंत ते चालवलं. 1931 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून, आणि शंभर रुपये दंड झाला. पुढच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सज्ञान माणसांचा खाजगी संबंध, त्यातून रोग किंवा नको असलेलं मूल होत नसेल, तर तो समाजाच्या चौकशीचा विषय नाही; आणि मत्सर ही प्रेमाची खूण नसून मालकीची आहे. आज परदेशी पुस्तकांत जे 'नैतिक' अनेकसंबंध म्हणून येतं, त्याचा बराचसा गाभा यात आहे. त्याच सुमारास इतिहासाचार्य राजवाड्यांचे विवाहसंस्थेवरचे लेखही लोकांच्या अंगावर आले होते. महाभारतातली, लग्नाची मर्यादा घालणाऱ्या श्वेतकेतूची गोष्ट त्यांनी सरळ इतिहास म्हणून वाचली. मला वाटतं राजवाडे मागे पाहत होते आणि कर्वे पुढे, म्हणून राजवाड्यांना माफी मिळाली.

कर्व्यांचं एक मात्र खटकतं. त्यांनी संमती गृहीत धरली. ती ज्या घरात, ज्या पैशावर मागितली जाते ते घर त्यांच्या लेखांत फारसं येत नाही. ते आलं तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मध्ये, 1972 साली. सखाराम टाकलेली बाई घरी आणतो आणि पहिल्याच प्रवेशात अटी तोंडावर सांगतो: काय करायचं, काय नाही, जायचं असेल तर दार उघडं आहे. पारदर्शकता म्हणाल तर याहून काय हवं? लक्ष्मी हो म्हणते. तिला दुसरं कुठे जायचं असतं?

आता भाचीची यादी. स्विंगिंग हे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतलं, आणि आधी त्याचं नावच 'वाइफ स्वॅपिंग' होतं. बायको बदलायची, म्हणजे व्याकरण आपल्यासारखंच. आपल्या 'साट्यालोट्या'त निदान बहिणी बदलत. तो शब्द आता फक्त पुढाऱ्यांच्या संगनमताच्या बातम्यांत उरला आहे. 1972 मध्ये ओनील दांपत्याच्या पुस्तकानं 'ओपन मॅरेज' हा शब्द लोकप्रिय केला. 'पॉलीअमरी' 1990 च्या आसपास आला, म्हणजे शरीरापेक्षा प्रेमावर भर. 1997 मध्ये 'द एथिकल स्लट' आलं. तिथं यातले बरेच शब्द बायकांनी पुढे आणले, आणि त्यात दोन्ही बाजू कर्ता होत्या, हे मान्य करायला हवं.

काही शब्द मजेचे आहेत. युनिकॉर्न म्हणजे जोडप्याला हवी असलेली तिसरी बाई, जी दोघांवर सारखं प्रेम करेल आणि काही मागणार नाही. सापडत नाही म्हणून एकशिंग्या घोड्याचं नाव. आपल्याकडे हे सशाचं शिंग झालं असतं. मेटामूर म्हणजे माझ्या जोडीदाराचा दुसरा जोडीदार. भाचीनं विचारलं, याला मराठीत काय म्हणू? सवत म्हणू शकत नाही, त्यात विष आहे. संस्कृतात तर 'सपत्नी'वरून 'सपत्न' तयार झाला आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. आमच्या भाषेत वैराचा एक शब्दच सवतीच्या पोटी जन्मला. मी म्हटलं, साडू कसा वाटतो? तिसऱ्या माणसामुळे जुळलेलं, थोडं चेष्टेचं, लग्नकार्यात एकत्र जेवणारं नातं. ती म्हणाली, जोडसाडू. आम्ही दोघी हसलो.

कॉम्पर्शनला मात्र मी अडले. हा सॅन फ्रान्सिस्कोच्या केरिस्टा नावाच्या कम्यूनचा शब्द; आपलं माणूस दुसऱ्याबरोबर सुखात असलेलं पाहून होणारा आनंद. आपल्याकडे सवतीमत्सराला शब्द आहे, त्याच्या उलट्याला नाही. 'मुदिता' आहे, दुसऱ्याच्या सुखानं सुखी होणं, पण ती योगसूत्रांची, अंथरुणाची नव्हे. ते कम्यूनही 1991 मध्ये मोडलं, हे सांगितल्यावर भाची म्हणाली, आत्या, तू ना.

मला या शब्दांची भीती वाटते ती अश्लीलतेमुळे नाही. 'स्वॅपिंग' हा शब्द मराठी बातमीत येतो तेव्हा बहुतेक वेळा नवऱ्यानं जबरदस्ती केली म्हणून पोलिसात गेलेली बाई त्यात असते. शब्द आधी पोचतो, विचारण्याची रीत मागून. बाईच्या होकाराला वजन कधी येतं, ते इथंच दिसलं. याच म्हसवडात माणदेशी महिला बँक उभी राहताना रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवला, आणि 1997 मध्ये बँक सुरू झाली. लग्नात त्यांच्या होकाराला अंगठाही लागला नव्हता. कर्जाला मात्र त्यांची सही लागायला लागली.

रात्री उशिरा चुलतीनं पुन्हा तोंड उघडलं. "अगं, त्या पोरीनं मदीच न्हाय म्हटलं तर?"

"मग थांबायचं, आज्जी. तसं ठरलेलं असतं."

"अन् त्यो ऐकला न्हाय तर ती राहनार कुठं?"

भाचीनं क्षणभर विचार केला. "फ्लॅट तिच्या नावावर आहे. हप्ते तीच भरते."

"मंग काय," चुलती म्हणाली, आणि घोंगडी डोक्यावरून ओढून कुशीवर वळली.