तुलाधाराचा तराजू

फिलाडेल्फियाजवळचं मीडिया हे छोटंसं गाव. २००६ साली ते अमेरिकेतलं पहिलं 'फेअर ट्रेड टाउन' झालं. मूळ कल्पना इंग्लंडमधल्या गार्स्टँगची. लँकेशायरमधल्या या जुन्या बाजारपेठेच्या गावाने २००० साली जगात पहिल्यांदा हा मान घेतला. कल्पना साधी आहे: आपण जी कॉफी पितो, जी केळी खातो, ती पिकवणाऱ्याला रास्त भाव मिळावा. बाजार कोसळला तरी कॉफीसारख्या मालाला ठरलेला किमान भाव मिळतो. शिवाय वर थोडी रक्कम शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला दिली जाते, गावच्या कामांसाठी.

हे वाचताना मला पुण्याची मंडई आठवली. मागच्या खेपेला मी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. "मावशी, दहाला दोन द्या की!" शेजारी उभ्या असलेल्या, इथेच जन्मलेल्या माझ्या लेकीने विचारलं, "आई, इकडे कॉफी घेताना तू असं का नाही करत?"

मला उत्तर सुचेना. आमच्या आयांनी घासाघीस केली ती गरजेपोटी. त्यांचा संसार त्यावर चालला. माझी गरज कोणती? खरं म्हणजे, जो नाही म्हणू शकतो त्याच्यापुढे आपण गप्प बसतो आणि जो म्हणू शकत नाही त्याच्याशी भाव करतो.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याच्या जटांत पक्ष्यांनी घरटं केलं, पिल्लं वाढवली, तरी तो हलला नाही. त्या तपाचा त्याला गर्व झाला. मग धर्म शिकायला त्याला काशीच्या तुलाधार नावाच्या वाण्याकडे जावं लागलं! तुलाधाराचं सांगणं एवढंच, की माझा तराजू सर्वांना सारखा.

कुणी म्हणेल, महाग कॉफीचे सगळे पैसे शेतकऱ्याच्या हाती थोडेच पडतात? बरोबर आहे. वाहतूक, दुकान, शिक्क्याचा खर्च, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पाकिटावरच्या शिक्क्याने आपलं कर्तव्य संपत नाही. पण म्हणून प्रश्नही संपत नाही. दान देताना आपला हात वर असतो. रास्त भाव देताना दोन्ही हात एका पातळीवर येतात. म्हणून मला तो दानापेक्षा अवघड वाटतो.

देवळाच्या पेटीत आपण न मोजता टाकतो. पुढच्या खेपेला मंडईत मावशी सांगेल तो भाव मी देणार आहे. लेक शेजारी नसली तरीही.