मजुरी, मुदत आणि अमानत

एके दिवशी असरच्या नमाजनंतर एक विणकर माझ्यापाशी थांबला. भिवंडीच्या एका यंत्रमाग कारखान्यात तो बारा तासांची पाळी करतो. मजुरी मात्र कापडाच्या मीटरवर. वीज गेली की माग थांबतात आणि मजुरीही थांबते, पण मालक त्याला बाहेर जाऊ देत नाही. ती तूट भरून काढण्यासाठी वीज आल्यावर तो तुटलेला धागा न जोडताच माग चालू ठेवतो. त्याने विचारले, ही कमाई हलाल की हराम?

उत्तर तत्काळ देता आले असते. पवित्र कुरआनातील ‘अल-मुतफ्फिफीन’ या सूरहचा आरंभच मापात खोट करणाऱ्यांना दिलेल्या इशाऱ्याने होतो. पण तेथे सांगितलेला दोष नीट पाहावा: स्वतः घेताना पूर्ण माप आणि दुसऱ्याला देताना अपुरे. हा दोष तराजूपुरता नाही आणि एकट्या मजुराचाही नाही.

इस्लामी धर्मशास्त्राने मजुराचे दोन प्रकार मानले आहेत. ‘अजीर-ए-खास’ आपला वेळ एका मालकाच्या स्वाधीन करतो. तो कामावर हजर राहिला की वेतनाचा हक्कदार होतो, मग मालकाने काम दिलेले असो वा नसो. ‘अजीर-ए-मुश्तरक’ म्हणजे शिंप्यासारखा कारागीर. त्याला काम पूर्ण झाल्यावरच मोबदला मिळतो. पण त्याचा वेळ त्याचा असतो, तो इतरांचेही काम घेऊ शकतो. उस्मानी सल्तनतीचा ‘मजल्ला’ हा दिवाणी कायदा १८७६ साली पूर्ण झाला. त्यातही हाच भेद नोंदलेला आहे.

आता आपल्या विणकराकडे पाहा. बंधन पहिल्याचे, मजुरी दुसऱ्याची. दोन्ही करारांतील ओझे त्याच्या खांद्यावर आणि दोन्हींतील सवलत मालकाच्या पदरात! मालकाला वेळ हवा असेल तर त्याने वेळेचे मोल द्यावे. केवळ कापड हवे असेल तर वीज गेल्यावर दार उघडावे.

सूरह ‘अल-कसस’मध्ये हजरत मूसा (अ.) यांच्या मदयनमधील चाकरीचा वृत्तांत आहे. चाकरासाठी तेथे दोन गुण सांगितले गेले: सामर्थ्य आणि विश्वासूपणा. मुदत आधीच ठरली: आठ वर्षे, आणि दहा पूर्ण करणे मूसांच्या खुशीवर. आपण तुम्हाला कष्टात टाकू इच्छित नाही, हा शब्द मात्र चाकरी देणाऱ्याने न मागता दिला. मालकाचे उत्तरदायित्व मजुराच्या तक्रारीपासून सुरू होत नाही. ते करारापासून सुरू होते.

या दोघांमध्ये मुकादम उभा असतो. वरचा हुकूम खाली पोहोचवण्यात तो तत्पर असतो, खालची व्यथा वर नेताना त्याची जीभ अडखळते. परंतु प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला आपल्या स्वाधीन असलेल्यांविषयी जाब द्यावा लागेल, ही प्रेषितांची (स.) शिकवण त्यालाही लागू आहे. वीज किती तास नव्हती, हे मालकाला सांगणे ही त्याची अमानत आहे.

मग विणकराचे काय? येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. पूर्वी एका ठिकाणी माझे वेतन तीन महिने रखडले होते. त्या रागात मी मकतबमध्ये उशिरा जाऊ लागलो, धडे आखडते घेऊ लागलो. वेतन रखडवले विश्वस्तांनी. नुकसान झाले मुलांचे. त्यांनी माझे काय बिघडवले होते? छुप्या सूडाचे असेच असते. तो अन्याय करणाऱ्याला सोडतो आणि तिसऱ्याच्या घरी जातो. सुटलेल्या धाग्याचे कापडही अखेर कुणा अनोळखी माणसाच्या अंगावर फाटते.

म्हणून मी त्या विणकराला सांगितले, “धागा जोड, आणि हक्क उघडपणे माग. सहकाऱ्यांना सोबत घे, मुकादमाला साक्षी ठेव, गरज पडली तर कायद्याचे दार ठोठाव. हक्क मागणे हे सब्रच्या विरुद्ध नाही. लबाडी मात्र अमानतीच्या विरुद्ध आहे.”

तो म्हणाला, “मौलाना, हे मालकालाही सांगाल का?”

त्याचे मालक जुम्याला पहिल्या सफमध्ये बसतात. मजुराकडून पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी खुद्द अल्लाह वादी असेल, ही हदीस त्यांच्यासमोर सांगणे हे माझ्या वाट्याचे काम आहे. आजवर ते मी टाळले होते. वाचकहो, आपल्या वाट्याचे कोणते काम आपण टाळत आहात, हे आपणही स्वतःला विचारावे.